कोंढाण्याचा उंदीर आणि समोरच्या काकू

वारज्यापासून सिंहगडापर्यंतच्या टापूत उंदरावर सर्वांत जास्त माया करणारं माणूस शोधायला निघालात, तर तुम्ही आमच्या मजल्यावर येऊन पोचाल. उंदराचा सर्वांत जास्त तिरस्कार करणारं माणूस शोधायला निघालात, तरी आमच्याच मजल्यावर पोचाल. दोन्ही वेळा दार उघडतील त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकू. आमच्या सोसायटीत उंदीर मारणारा माणूस औषध टाकायला येतो, तेव्हा काकू हातात बॅटरी घेऊन त्याच्यापुढे चालतात. ड्रेनेजच्या झाकणापासून पार्किंगच्या कोपऱ्यापर्यंत त्या त्याला एकेक भोक दाखवतात आणि "इथे जरा सढळ हाताने" असं सांगतात. एकदा त्याला बिचाऱ्याला पिंजऱ्यातल्या उंदराची दया आली आणि तो म्हणाला, "सोडू का लांब नेऊन?" तर काकू म्हणाल्या, "लांब म्हणजे कुठे? हा जगभर आहे. ह्याला लांब असं काही उरलेलंच नाही." मी तेव्हा नवीन होते. मी हळूच विचारलं, "काकू, पण तुम्हाला तर उंदीर आवडतात ना?" त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "मला एक उंदीर आवडतो. सगळे कशाला आवडतील? मला तू आवडतेस म्हणून काय सोसायटीतल्या सगळ्या मुली आवडतात?" मी त्यांना आवडते हे मला त्या दिवशी असं ड्रेनेजपाशी कळलं.

काकूंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. ट्रंक कॉल जोडून देण्याच्या काळात त्या ऑपरेटर होत्या आणि तीन मिनिटं झाली की लाइन तोडायची, ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली, की समोर उभ्या असलेल्या माणसाची लाइनही त्या तोडतात. तुम्ही जिन्यात काहीतरी सांगत असता, वाक्याच्या मध्यावर असता, आणि काकू "बरं, झालं" म्हणून दार लावून घेतात. सोसायटीच्या अध्यक्षांपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांचं बोलणं असं अर्धवट तुटलेलं आहे. लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्या एका जोडप्याला तर कार्यालयाचं नाव सांगण्यासाठी पुन्हा बेल वाजवावी लागली होती. मी मात्र त्यांच्या तडाख्यातून सुटले, कारण मी बोलतच नाही. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा अजूनही घोटाळा होतो, आणि काकूंसमोर आकडा चुकवण्यापेक्षा गप्प बसणं परवडतं. आईला माझं गप्प बसणं काळजीचं वाटायचं. "हिला कुठे चार लोकांत बोलताच येत नाही," असं ती एकदा काकूंना म्हणाली. काकूंनी उत्तर दिलं, "लाइन गप्प आहे म्हणजे तुटलेली नसते, हो. आम्ही बत्तीस वर्षं तेच तपासत होतो. बरं, झालं."

हा उंदीर त्यांच्या आयुष्यात आला तो निवृत्तीनंतर, वर्तमानपत्रातल्या एका लहानशा चौकटीतून. सिंहगडाचं जुनं नाव कोंढाणा, आणि त्या नावाचा एक रानउंदीर आहे. मऊ केसांचा, पाठ गडद, पोट फिकं, दिवसा झोपणारा आणि रात्री हिंडणारा. तो गडाच्या माथ्यावर आणि तिथल्या आसपासच सापडतो, बाकी जगात कुठेही नाही. हे वाचून दुसऱ्या कोणाला नवल वाटलं असतं. काकूंना राग आला. "अख्ख्या जगात फक्त आपल्याकडे असलेली गोष्ट, आणि आपण तिथे जाऊन काय करतो, तर दही खातो!" तो उंदीर बाहेर कुठे का राहत नाही याबद्दल अभ्यासकांची काही मतं असतील, पण काकूंचं मत पक्कं होतं. त्याने बाकीच्या जागा पाहिल्या असणार आणि त्या त्याला पसंत पडल्या नसणार. त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीपुढच्या मूषकाचं पोट त्यांनी स्वतः रंगाचा ब्रश घेऊन फिकं केलं आणि पाठ गडद केली. कोणीतरी हरकत घेतली, तेव्हा त्या म्हणाल्या, "गणपती पुण्याचा, वर्गणी पुण्याची, मग वाहन बाहेरचं कशाला?" तेव्हापासून आमचा मूषक दरवर्षी तसाच रंगवतात.

दर रविवारी सकाळी काकू गडावर जायच्या, आणि मी नोकरीला लागले त्या वर्षापासून त्यांनी मलाही न्यायला सुरुवात केली. विचारलं नाही. शनिवारी संध्याकाळी बेल वाजवून फक्त "बूट आहेत ना?" एवढं म्हणाल्या. ज्यांनी रविवारी सिंहगड चढलेला नाही त्यांना सांगायला हवं, की तिथे नेहमी चढणाऱ्या लोकांचा एक वेगळाच समाज आहे. ही मंडळी एकमेकांना नमस्कार करत नाहीत, "किती मिनिटांत?" असं विचारतात. घड्याळ बघत, घाम पुसत, कालच्यापेक्षा आज किती लवकर आलो याचा हिशेब करत ती वर पळत असतात. त्या वाटेवर काकू प्रत्येक बिळापाशी थांबायच्या, वाकायच्या, वाटेवरचं वेफर्सचं पाकीट उचलून पिशवीत टाकायच्या. एक नेहमीचे आजोबा आम्हाला उतरताना भेटायचे आणि दर रविवारी विचारायचे, "काय वहिनी, आज पोचताय का?" काकूंचं उत्तर ठरलेलं होतं. "तुम्ही वर जाऊन काय केलंत ते आधी सांगा." ते वर जाऊन लगेच खाली वळत असल्यामुळे त्यांना सांगण्यासारखं काही नसायचं. पुढे काकूंचे गुडघे कुरकुरायला लागले आणि आम्ही घाटरस्त्याने जीपमधून जाऊ लागलो, तेव्हा त्या आजोबांनी म्हणे दोन रविवार आमची चौकशी केली.

माथ्यावर एका टाक्याजवळ कारवीच्या दाट जाळीला लागून एक सपाट दगड आहे. ती काकूंची बैठक. तिथे बसून, जाळीकडे पाठ करून, त्या समोरच्या उतारावरच्या बिळांच्या वस्तीकडे पाहत डबा खायच्या. डब्यात बहुतेक दडपे पोहे असायचे आणि मांडीवर पंचा पसरलेला असायचा, कारण पोह्याचा एक दाणासुद्धा गडावर सांडलेला त्यांना चालत नसे. खरकटं पडलं की त्यामागे शहरातले उंदीर आणि घुशी वर येतात, आणि त्यांच्या धक्काबुक्कीत आपला साधा रानउंदीर टिकत नाही, असं त्यांनी वाचलं होतं. ते त्यांनी गडावर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं असेल. एका मुलाने भज्याचा कागद टाकला तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "राहू दे, राहू दे. तुझ्या घरचा पत्ता दे फक्त. मी पण येते खायला आणि टाकायला." दही विकणाऱ्या मावशी तर काकू दिसल्या की आधी आपल्या बाकाखालचं झाडून घ्यायच्या. "आल्या बगा उंदीरवाल्या बाई," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, "कागद खिशात घाला, न्हाय तर तुमचं काय खरं न्हाय."

उतारावरची ती बिळं काकूंनी स्वतः शोधली होती. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग असायचा आणि तो ताजा दिसला की काकूंचा चेहरा उजळायचा. "काल रात्री उठलेत," असं त्या म्हणायच्या, जसं काही शेजारच्या घरात दिवा दिसला. लोक तिथे तंबू ठोकू लागले आणि कुत्री उकरू लागली, तेव्हा त्यांनी वस्तीभोवती दगड रचून गुडघ्याएवढं कुंपण केलं. एकेका रविवारी थोडे थोडे दगड आणून. उंदीर त्यांना एकदाही दिसला नव्हता. तो रात्री उठतो आणि काकूंना शेवटच्या जीपने उतरावं लागे. पण दिसायलाच हवा असा त्यांचा आग्रहही नव्हता. "मी हजारो लोकांचे आवाज ऐकले, तोंडं किती जणांची पाहिली?" असं म्हणून त्या डब्याचं झाकण लावायच्या.

या सगळ्याला एक दुसरी बाजू होती, ती म्हणजे काकूंची मुलगी. ती हडपसरच्या पलीकडे मांजरी गावात, नवीन बांधलेल्या एका मोठ्या सोसायटीत राहते. मी तिला ताई म्हणते. काका गेल्यापासून काकू एकट्या, आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, गुडघे तसे, म्हणून ताई दोन वर्षं त्यांना मांजरीला चल म्हणत होती. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. काकूंच्या लेखी मात्र हडपसर हीच पुण्याची वेस होती आणि मांजरी हा परदेश. "तिथून गड दिसत नाही," असं त्या म्हणायच्या. आणि दर वेळी शेवटचं उत्तर तेच असायचं: "माझ्या उंदरांकडे कोण बघणार?" ताई एकदा चिडून म्हणाली, "आई, अगं तू एकदा तरी पाहिलायस का तो उंदीर? तिथे आहे तरी का?" काकूंनी लाइन तोडली नाही. थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "त्या बिळात माझा उंदीर निघाला तर मी वारज्यातच राहणार आणि तू हा विषय काढायचा नाहीस. नाही निघाला, तर दिवाळीनंतर येते." ताई ताबडतोब "ठरलं" म्हणाली. मी दारात दुधाची पिशवी घेऊन उभी होते. काकू गेल्या तर आमच्या मजल्यावर मला न बोलता कोणाशी बोलता येणार होतं?

उंदीर निघाला की नाही हे ठरवायची सोय त्या पावसाळ्यानंतर आपणहून चालत आली. प्राण्यांवर संशोधन करणारी एक मुलगी वनखात्याची परवानगी घेऊन गडावर छोटे कॅमेरे लावत होती. समोरून काही हललं की फोटो काढणारे, अंधारातही चालणारे कॅमेरे. काकूंनी आधी तिची चौकशी केली, ती कोथरूडची निघाली म्हणून तिला पोहे दिले, आणि मग तिला कुंपणापाशी नेलं. तिने वाकून ते मातीचे ढीग बघितले, जरा जास्तच वेळ बघितले, आणि म्हणाली, "इथे एक लावते." मग म्हणाली, "एक जास्तीचा आहे, तो मागे जाळीत लावून ठेवते." काकू म्हणाल्या, "तिकडे कशाला वाया घालवतेस?" फोटो शेकड्यांनी निघतात, त्यातले बहुतेक हलणाऱ्या गवताचे असतात, आणि ते निवडायला तिला मदत हवी होती. न बोलता लॅपटॉपसमोर बसायचं काम असल्यामुळे मी हो म्हटलं.

ऑफिसातून आल्यावर संध्याकाळी मी फोटो बघत बसायचे. कुंपणातल्या कॅमेऱ्यात तिसऱ्याच दिवशी एक प्राणी आला, आणि उंदरांतलं मला काही कळत नसलं तरी हे कळलं, की हा आमच्या पार्किंगमध्ये असतो. मी तो फोटो संशोधक मुलीला पाठवला. तिचं एका ओळीचं उत्तर आलं: घूस. मला वाटलं चुकून आली असेल. पण पुढच्या रात्रीही तीच, त्याच्या पुढच्याही. मी दोन दिवस काकूंकडे गेले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच बेल वाजवली. "निवडून झाले?" मी मान हलवली. "मग घेऊन ये की. मेथी निवडायची आहे, तोवर बघते."

त्यांनी चष्मा लावला, मेथीची जुडी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "दाखव." मी दाखवला. त्या स्क्रीनजवळ वाकल्या.

"मोठा कर. शेपटीकडे." मी केला. त्यांनी मेथी खाली ठेवली. "ही घूस आहे."

"हो."

"माझ्या बिळातून?"

"हो, काकू."

"एखाद वेळी आली असेल. पाहुणी."

"रोज आहे. आणि..." मी पुढचा फोटो उघडला. "हा पिलांचा."

काकूंनी पिलं बघितली. एकामागे एक, कुंपणाच्या आतल्या बाजूने, अगदी निवांत चालली होती. "म्हणजे तंबूवाल्यांना हाकललं मी, कुत्र्यांना हाकललं मी, दगड वाहिले मी," त्या म्हणाल्या, "आणि शहरातल्या घुशीला गडावर सोसायटी बांधून दिली. कंपाउंडसकट. बाळंतपणं केली मी तिची." हे त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. मला हसू येत होतं आणि रडूही. दोन्ही आवरण्यासाठी मी दुसऱ्या कॅमेऱ्याचे फोटो उघडले, कारण ते मला दाखवायचेच होते.

जाळीच्या तळाशी, कारवीच्या मुळांमध्ये, एक लहानसा प्राणी बसला होता. गोल कान, मऊ अंग, फिकं पोट, पुढचे पाय छातीशी घेतलेले. संशोधक मुलीने तो दोन जाणकारांना दाखवून खात्री करून घेतली होती. काकूंनी फोटोच्या कडेवर बोट ठेवलं.

"हा माझा दगड."

"हो."

"म्हणजे मी इथे बसते. तिकडे तोंड करून. आणि हा इथे."

मी म्हटलं, "तुमची पाठ पण आहे कॅमेऱ्यात. रविवारची." आणि तो फोटो दाखवला. उन्हात निळी साडी, अंबाडा, बाजूला डब्याची पिशवी, आणि काकू समोरच्या घुशीच्या वस्तीकडे मायेने बघतायत. सगळं जाळीच्या आतून, उंदराच्या जागेवरून टिपलेलं. काकूंनी तो फोटो सर्वांत जास्त वेळ पाहिला.

"म्हणजे त्याने मला पाहिलंय."

"दिवसा तो झोपलेला असतो, काकू."

"झोपेत असलं तरी शेजारी कोण येऊन बसतं ते कळतं," असं म्हणून त्यांनी मेथी पुन्हा मांडीवर घेतली. "बरं, झालं."

पुढच्या शनिवारी ताई आली. जिन्यात तिने मलाच गाठलं. "काय गं, निघाला का उंदीर?" आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही विचार न करता, मोठ्या आवाजात बोलले. "निघाला! फोटो आहे माझ्याकडे!" यात खोटं काहीच नव्हतं. ताईचा चेहरा पडला. तेवढ्यात काकूंचं दार उघडलं. "निघाला," त्या म्हणाल्या, "पण जाळीत. बोलणं बिळाचं झालं होतं. बिळात घूस निघाली." मी म्हटलं, "काकू, पण उंदीर आहे ना तिथे, तेच महत्त्वाचं ना?" "तेच महत्त्वाचं," काकू म्हणाल्या. "तो आहे, आणि मी त्याच्याकडे ढुंकून न बघता तो नीट आहे. मी ज्याच्याकडे बघितलं ती घूस झाली." मग ताईकडे वळून म्हणाल्या, "स्वयंपाकघर मोठं आहे ना तुझं? मला माझे डबे लागतात." ताई जिंकली होती, पण ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि डोळे पुसायला लागली. काकूंनी तिला पाणी आणून दिलं आणि दोघींना मिळून एकच लाडू दिला, कारण डब्यात एकच उरला होता.

शेवटच्या रविवारी आम्ही गडावर जाऊन कुंपण उचकटलं. दगड नुसते फेकून द्यायला काकूंनी मला मनाई केली. जो जिथून आणला तिथे तो जायला हवा होता, आणि हा टाक्याच्या कडेचा, हा वाटेवरचा, असं प्रत्येक दगडाचं गाव त्यांना माहीत होतं. दहीवाल्या मावशी मदतीला आल्या. "आता कुठं चालला म्हणायचं, बाई?" "मांजरीला." "लांब हाय की!" "तेच तर मी म्हणत होते," काकू म्हणाल्या. काम झाल्यावर त्या आपल्या दगडावर बसल्या, या वेळी जाळीकडे तोंड करून. डबा उघडला नाही. थोड्या वेळाने हळू आवाजात, फोनवर बोलायच्या त्यांच्या जुन्या पद्धतीने जाळीला म्हणाल्या, "कृपया लाइनवर राहा." आणि मग हात पुढे करून मला म्हणाल्या, "उठव."

आता त्या मांजरीला आहेत. माझं ऑफिस हडपसरला असल्यामुळे मी कधीकधी जाते. तिथली लिफ्ट त्यांना आवडली आहे, हे त्या कबूल करत नाहीत. गच्चीतून ऊस दिसतो. "सगळे जगभरचे उंदीर आहेत इथे," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि उंदीर मारणाऱ्या माणसापुढे बॅटरी घेऊन त्या तिथेही चालू लागल्या आहेत. त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एक फोटो चिकटवलेला आहे. तो उंदराचा असेल असं मला वाटलं होतं. तो पाठीचा आहे.

रविवारी मी एकटी गडावर जाते. नेहमीच्या आजोबांनी मला एकदा "किती मिनिटांत?" असं विचारलं आणि मी चक्क उत्तर दिलं, "तुम्ही वर जाऊन काय केलंत ते आधी सांगा." मग दगडावर बसून मांडीवर पंचा पसरते. दहाच्या सुमाराला फोन येतो.

"बसलीस?"

"हो."

"तोंड कुठे?"

"जाळीकडे."

"काही सांडलंस?"

"नाही."

"दिसला?"

"काकू, सकाळ आहे. झोपला असेल."

"मग बोलू नकोस."

यानंतर "बरं, झालं" येईल म्हणून पहिल्या रविवारी मी वाट बघत राहिले. ते आलं नाही. मी फोन दगडावर जाळीच्या बाजूला ठेवला. कारवीत वारा वाजत होता, आणि पलीकडून मांजरीच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली, मग तीही थांबली. कोणीच काही बोलत नव्हतं. तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती, आणि लाइन चालू होती.